डेडस्टॉकमध्ये नोंद नसलेल्या बाई: शाळेच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि मा. मुख्याध्यापक यांस,

स. न. वि. वि.

माझ्या आईनं शाळेत जमवलेलं भूगोलाचं सामान शाळेनं भंगारात काढलं. या विषयावर मी संस्थेला दोन पत्रं पाठवली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही नाही. तिसरंही ऑफिसातल्या ट्रेमध्येच जाऊन बसणार हे दिसत असल्यामुळे ते सगळ्यांसमोर लिहिते आहे. शाळेचं नाव मुद्दाम घालत नाही. मी तिथेच शिकले, आईनं तिथे उमेदीची सगळी वर्षं काढली. शाळेची शोभा करायची मला हौस नाही. पत्र कोणाला आहे हे आपल्याला दोन ओळींत कळेल.

माझी आई १९६९ ते २००४ अशी ३५ वर्षं आपल्याकडे भूगोल शिकवत होती. गेल्या ऑगस्टात ती गेली. मी तिची मुलगी, आणि १९९३च्या दहावीच्या तुकडीतली विद्यार्थिनीही. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आई', हा नियम मी सहा वर्षं पाळला. एकदाच चुकले. सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या आणि फळ्याकडे वळून त्यांनी आफ्रिका पुरी केली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, दिवाळीची सुट्टी संपत आली असताना, शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिपाईमामांचा फोन आला. "ताई, भूगोलाच्या खोलीतलं बाईंचं कपाट काढलंय. सामान मागच्या भंगारवाल्याकडे गेलं. आज आलात तर काहीतरी हाताला लागेल."

डोंबिवलीहून मिळेल ती लोकल पकडून गेले. दुकानात नकाशांचे लाकडी दांडे उपसून जळणासारखे रचले होते. कापडी नकाशे गोणपाटात कोंबलेले. ग्लोब होता, स्टँड नव्हता. भंगारवाला भला माणूस. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं स्टूल पुढे केलं. काचेच्या कुप्या कुठे आहेत विचारलं, तर त्यानं मोरीतली बादली दाखवली. "काच म्हणून घेतल्या, तर आत माती निघाली. धुवायला टाकल्यात."

त्या कुप्यांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या मिळतात ना, त्या लहान काचेच्या कुप्या. आई ओळखीच्या डॉक्टरांकडून रिकाम्या मागून आणायची, उकळायची, गच्चीवर उन्हात वाळवायची. जिथे जाईल तिथली चिमूटभर वाळू किंवा माती तिच्यात भरायची. वर बूच, बुचावर मेण. वापरलेल्या पाकिटांची कोरी बाजू कापून केलेली चिठ्ठी, तिच्यावर बारीक अक्षरात गावाचं नाव, अक्षवृत्त, रेखावृत्त, तारीख, आणि शेवटी 'कसे गेलो': रेल्वे, एसटी, होडी, पायी. अशा २१४ कुप्या. धनुषकोडीच्या किनाऱ्यावरची वाळू, जिथलं गाव १९६४च्या डिसेंबरातल्या चक्रीवादळात वाहून गेलं. जैसलमेरची. कच्छच्या रणातलं मीठ. लोणारच्या सरोवराचं पाणी, ज्यात लाल लिटमस बुडवला की निळा व्हायचा आणि पोरं 'बाई, परत' म्हणून ओरडायची. वहीत प्रत्येक कुपीला नंबर. वर्गात ती कुपी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत हातोहात फिरायची. ३५ वर्षांत सहा फुटल्या. त्यांचेही नंबर वहीत आहेत, पुढे फोडणाऱ्याचं नाव, आणि कंसात 'रागावले नाही'.

बादलीच्या तळाशी बोटभर गाळ होता. सगळा देश एकत्र. सगळ्यात खाली काळ्या वाळूची पातळ रेघ. ती रत्नागिरीकडची असणार. त्यातलं इल्मेनाइट हे खनिज जड असतं, ते आधी बसतं, हे मला आठवीत बाईंनीच शिकवलंय. वरचं पाणी हलकेच ओतून मी तो गाळ दह्याच्या डब्यात भरून घरी आणला. चिठ्ठी शाबूत असलेल्या ११ कुप्या मिळाल्या, तिच्या प्रवासाच्या ३१ डायऱ्यांपैकी ९ मिळाल्या, ग्लोब मिळाला. भंगारवाल्यानं पैसे घ्यायला नकार दिला.

आता तक्रारी.

पहिली. दुसऱ्याच दिवशी मी मुख्याध्यापकांना भेटले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, उघडून समोर ठेवलं. ग्लोब, भिंतीवरचे नकाशे, लोखंडी कपाट, सगळ्याचं रीतसर निर्लेखन झालं होतं, म्हणजे नोंदीतून काढून टाकलं होतं. ठराव होता, सह्या होत्या. कुप्या, दगड, डायऱ्या मात्र रजिस्टरात कुठेच नव्हत्या. "नोंद नाही म्हणजे ती शाळेची मालमत्ताच नाही हो," ते म्हणाले. अगदी मान्य. मग जे शाळेचं नाही ते शाळेनं किलोवर विकलं कसं? निदान ज्याचं आहे त्याला एक फोन? पत्ता आपल्याकडे होता. सप्टेंबरातल्या शोकसभेचं निमंत्रण त्याच पत्त्यावर आलं होतं.

यात आईची काहीच चूक नाही असं मी म्हणणार नाही. नोंद करून घ्या म्हणून तिला दोन-तीन मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, आणि तिनं ते कानाआड केलं. एकदा रजिस्टरात गेलं की कुलूप लागतं आणि पोरांच्या हाती काही पडत नाही, हे तिचं म्हणणं. निवृत्त होताना सामान घरी न्या असंही तिला सुचवलं होतं. "घरी कोण बघणार? इथे दरवर्षी नवी पोरं येतात," म्हणून तिनं ते तिथेच ठेवलं. तो विश्वास होता की भाबडेपणा, यावर माझं नि भावाचं अजून भांडण चालू आहे.

दुसरी तक्रार दगडांची. सिन्नरकडच्या गारगोट्या, हंपीचा ग्रॅनाइट, कोकणातला जांभा, निघोजच्या रांजणखळग्यांमधले गुळगुळीत गोटे. हे भंगारवाल्यानंही घेतले नाहीत. खोलीचं काम चालू होतं, त्या डेब्रिजबरोबर ते ट्रकमध्ये गेले. पुढे काही लिहिण्यासारखं नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागली आहे. जानेवारीत आपण अमृतमहोत्सवी स्मरणिका काढलीत. तिच्यात आईवर अर्धं पान आहे. मथळा 'त्यागमूर्ती'. मजकुरात म्हटलं आहे की संसाराच्या रगाड्यात बाईंनी स्वतःच्या हौसेमौजेला मुरड घातली आणि सारं आयुष्य घर नि शाळा या दोन खांबांमध्ये वेचलं. सोबत फोटो. तो मीच दिला होता. मूळ फोटोत आई निघोजला कुकडीच्या पात्रात उभी आहे, नऊवारीचा काष्टा घातलाय, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला सॅक, मागे आठवीची ४० पोरं. आपण चेहऱ्यापुरता कापून घेतलात. नीट बघितलं तर गळ्यापाशी टोपीची दोरी अजून दिसते.

ज्यांनी तो मजकूर लिहिला त्यांच्यावर माझा राग नाही. मेलेल्या बाईबद्दल लिहायचं म्हटलं की हात आपोआप तेच शब्द लिहितो. पण आई कोण होती ते निदान एकदा खरं लिहिलं जावं.

ती देवरुखजवळच्या खेड्यातली. मॅट्रिक झाल्यावर रत्नागिरीहून बोटीनं मुंबईला आली आणि भाऊच्या धक्क्यावर उतरली. वाटेतली बंदरं तिला शेवटपर्यंत पाठ होती, जयगड, दाभोळ, हर्णै, बाणकोट, श्रीवर्धन. हॉस्पिटलमध्ये सलाईन लावताना ती तीच पुटपुटत होती. नर्सला वाटलं जप चाललाय. बोटीत तिला उलट्या होत होत्या, आणि एका खलाशानं तिला डेकवर नेऊन किनाऱ्याकडे बघत राहायला सांगितलं. नजर जमिनीवर ठेवली की मळमळत नाही. त्या दिवसापासून नजर जमिनीवर ठेवायची सवय लागली, असं ती म्हणायची.

बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपात. म्हणजे पास. लालबागच्या चाळीतले बाकीचे लोक पासावर गावाला जायचे, लग्नाला जायचे, फार तर पंढरपूर नि तिरुपती. आई शाळेचा अ‍ॅटलास उघडून बाबांना विचारायची, "या वर्षी रूळ कुठवर जातात?" बाबांना प्रवासाची आवड शून्य. पहिल्या दोनेक वर्षांनंतर त्यांनी हात जोडले. तू जा, मी घर बघतो. मग ती शाळेतल्या एखाद्या मैत्रिणीला घेऊन जायची, कोणी नसलं तर एकटी. राज्यात फिरायला एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास. नागपूरच्या पुढे जागा मिळाली नाही म्हणून कंडक्टरच्या शेजारी बसून गेली, त्याच्याकडून रस्त्यातल्या प्रत्येक नाल्याचं नाव लिहून घेतलं. ती डायरी ९ मध्ये आहे. कंडक्टरच्या हस्ताक्षरातही दोन ओळी आहेत.

तिनं हौसेला मुरड घातली? तिनं आम्हां सगळ्यांना मुरड घातली, साहेब.

१९८६ साली मी चौथीत होते. मेच्या सुट्टीत ती आसाम-मेघालयाला गेली, तीन आठवडे. चाळीत बोलणं व्हायचं. शेजारच्या काकू आजीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "पोरीला टाकून हिंडायला बरं जमतं बाई." आजी बाबांची आई, मालवणकडची. ती तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "टाकून खंय गेली? माझ्याकडे ठेवून गेलीहा." मला मात्र काकूंचं पटत होतं. मी रुसले होते. तेव्हा गुवाहाटीहून पोस्टकार्ड आलं. 'कशी आहेस' वगैरे काही नाही. लिहिलं होतं: 'मी ९१ अंश ४४ मिनिटांवर आहे, तू ७२ अंश ५० मिनिटांवर. सूर्य माझ्या डोक्यावर आला की तुझ्या डोक्यावर यायला किती वेळ लागेल? गॅलरीत काठी उभी करून बघ आणि उत्तर आजीला सांग.'

फरक जवळजवळ १९ अंशांचा. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ७६. मी बाबांच्या मदतीनं गणित सोडवलं, आणि आमची गॅलरी उत्तरेकडे तोंड करून असल्यामुळे काठी घेऊन गच्चीवर गेले. रोज एक कार्ड यायचं, रोज एक प्रश्न. तीन आठवडे मी आईशी भांडत होते आणि तिची गणितं करत होते. ती परत आली त्या रात्री मी तिला काकूंचंच वाक्य ऐकवलं, जसंच्या तसं, 'टाकून हिंडतेस'. तिनं ऐकून घेतलं. पुढच्या मेमध्ये तिच्या तिकिटावर माझंही नाव होतं आणि आम्ही धनुषकोडीला गेलो. वाळू मी भरली. कुपी नंबर ८८. तिच्या चिठ्ठीवर माझं चौथी-पाचवीतलं अक्षर होतं. ती ११ मध्ये नाही.

आई म्हणून ती कशी होती, याचा दाखला हवा असेल तर माझ्या मुलाचा देते. आठ वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. अक्षरं उलटीसुलटी व्हायची. शिक्षक चांगले होते, डॉक्टरही दाखवले, पण पुस्तक समोर आलं की तो टेबलाखाली शिरायचा. आई ६८ वर्षांची होती. तिनं पुस्तक बंद केलं आणि त्याला घेऊन डोंबिवली ते सीएसटी लोकलनं जायला लागली, दुपारी, गर्दी नसताना, खिडकीशी. फक्त एक अक्षर शोधायचं, म. मुंब्रा, मुलुंड, माटुंगा, मशीद. चार स्टेशनं, चार म. बोर्ड पळत जातो, म्हणून डोळा त्यावर टिकवावा लागतो. चार महिन्यांनी त्यानं पहिला अख्खा शब्द वाचला तो 'मशीद'. दोघं सीएसटीला उतरून वडापाव खाऊन आले. आज तो इंजिनीअरिंगला आहे आणि अजून मोठ्यानं वाचताना अडखळतो, पण वाचतो.

यातलं त्यागात काय बसतं ते मला खरंच कळत नाही. ती लोकलमध्ये मजेत असायची.

चौथी तक्रार. तिच्या नावानं आपण दरवर्षी 'आदर्श माता पुरस्कार' देणार असल्याचं स्मरणिकेत जाहीर केलंत. प्रायोजकही ठरलेत. आम्हां मुलांना विचारलं नाहीत, हे एक वेळ सोडून देते. पण दरवर्षी एका आईला मंचावर बोलावून साडी, श्रीफळ नि ट्रॉफी द्यायची, आणि खाली बसलेल्या बाकीच्या आयांनी टाळ्या वाजवत मनात हिशेब करायचा की आपण कुठे कमी पडलो, हे माझ्या आईच्या नावावर नको. त्या मंचावर १९८६ साली तिला कोणी बोलावलं नसतं.

पाचवी तक्रार क्षेत्रभेटीची. ही मी आठ-नऊ आजी-माजी पालकांच्या वतीनंही करते आहे. क्षेत्रभेट हा शब्द भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात आहे. आपल्या शाळेत गेली काही वर्षं तिच्या जागी वॉटर पार्कची सहल जाते. पोरांना वॉटर पार्क आवडतो, न्या की. पण तिला क्षेत्रभेट म्हणू नका. आई म्हणायची, सहलीत आधी डबा उघडतात, क्षेत्रभेटीत आधी वही.

आणि तिला लांब जावं लागत नव्हतं. खरं तर एवढं हिंडून तिचं आवडतं ठिकाण मुंबईच होतं. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला ती प्रत्येक तुकडी न्यायची. झोपड्या आणि इमारतींच्या मधोमध उभा असलेला काळा कातळ, सुमारे २०० फूट उंच, सरळसोट खांबांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पोरांना हात लावायला लावायची. वरळीला न्यायची आणि सांगायची, इथल्या खडकांच्या थरांत बेडकांचे जीवाश्म सापडलेत, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती. मग सगळा वर्ग वरळीच्या सी-फेसवर खाली बघत चालायचा. शिवडीला रोहित पक्षी बघायला ती ओहोटीची वेळ पेपरातून काढून न्यायची, कारण चिखल उघडा पडल्याशिवाय ते खायला येत नाहीत. कुलाब्याच्या वेधशाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून ती एक गोष्ट सांगायची, जी पुस्तकात नाही: विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर इथली चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली, कारण विजेच्या प्रवाहानं चुंबकसुया बिघडल्या असत्या. मुंबईला ट्राम हवी होती, पृथ्वीला शांतता हवी होती, तर पृथ्वीला अलिबागला पाठवलं. हे वाक्य माझ्या वर्गातल्या सगळ्यांना आजही येतं.

निवृत्तीनंतरचंही एक सांगते, कारण ते आपल्या दप्तरी नसणार. २६ जुलै २००५च्या पावसानंतर शाळा पुन्हा उघडली तेव्हा आई बोलावणं नसताना आली होती. पोरं घाबरलेली, काही जण कंबरभर पाण्यातून घरी पोचलेले. तिनं फळ्यावर दोनच आकडे लिहिले. सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर. कुलाबा ७३ मिलिमीटर. एक शहर, एक दिवस. तास संपेपर्यंत पोरं भीती विसरून भांडत होती की असं झालंच कसं. तो तास बिनपगारी होता, हे आपल्याला आवडेल म्हणून सांगते.

परदेश तिला एकदाच घडला. २०११ साली भावाकडे लंडनला गेली. ग्रीनिचला ती शून्य रेखावृत्ताच्या धातूच्या पट्टीवर पाय ठेवून उभी राहिली, मग भावाचा फोन मागून घेतला. जीपीएस शून्य दाखवेना. दोघं चालत गेले, तर शंभरेक मीटर पूर्वेला, बागेतल्या एका पायवाटेवर शून्य आलं. पट्टी जुन्या दुर्बिणीच्या हिशेबानं आखलेली, उपग्रहांचा हिशेब वेगळा. तिच्या आनंदाला पारावार नाही. तिथे कचऱ्याच्या डब्याशेजारी उभी राहून तिनं फोटो काढून घेतला. कुपी नंबर २१४, 'कसे गेलो' या रकान्यात 'मुलाच्या पैशाने'. तीच शेवटची. मुंबईला परतल्यावर ती कपाटात ठेवायला मुद्दाम शाळेत आली होती, तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी तिला चहा पाजला असेल.

संस्थेनं तिला काही दिलं नाही असंही नाही. तिला बिनपगारी रजा मंजूर करताना त्या वेळच्या विश्वस्तांनी कधी खळखळ केली नाही. एका मुख्याध्यापकांनी तर तिच्या तासांची अदलाबदल स्वतः वर्गावर जाऊन निभावून नेली. भूगोलाची वेगळी खोली त्यांनीच दिली. मुंबईत एका खोलीची किंमत काय असते ते मला कळतं. मराठी शाळा चालवणं किती अवघड झालंय, पट किती घसरलाय, देणगीदार मिळाला तर त्याच्या नावाची पाटी लावून स्मार्ट क्लासरूम करावी लागते, हेही कळतं. स्मार्ट क्लासरूमला माझा विरोध नाही. आईचाही नसता. तिनं पहिल्या दिवशी पडद्यावर उपग्रहातून आपली शाळा शोधायला लावली असती. 'आता सगळं यूट्यूबवर आहे' हे जे मला ऐकवलं गेलं, त्यालाही माझं उत्तर एवढंच आहे की यूट्यूबवरचं मीठ चाखून बघता येत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, उरलेल्या २२ डायऱ्यांचा शोध घ्या. एलआयसीच्या जुन्या डायऱ्या आहेत, पहिल्या पानावर निळ्या शाईत रेल्वेमार्गाचा नकाशा काढलेला असतो. काही शिक्षकांनी वाचायला नेल्या असतील, काही स्टाफरूमच्या माळ्यावर असतील. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक निरोप टाकलात तरी पुष्कळ. मला डायऱ्या द्यायच्या नसतील तर झेरॉक्स काढून मूळ प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवायला मी तयार आहे, या वेळी नोंद करून.

दोन, पुरस्काराचं नाव बदला किंवा पुरस्कार रद्द करा. तेच पैसे आठवीच्या क्षेत्रभेटीच्या लोकलच्या तिकिटांना द्या. गिल्बर्ट हिलला जायला फार लागत नाहीत.

तीन, वर्षाला निदान दोन क्षेत्रभेटी, वही घेऊन.

चार, स्मरणिकेची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा अख्खा फोटो छापा, ४० पोरांसकट. आणि 'त्यागमूर्ती' काढून तिथे 'भूगोल' लिहा.

पाच, यापुढे कोणत्याही शिक्षकाचं कपाट हलवण्याआधी त्याला किंवा त्याच्या घरी फोन करा. हे लेखी परिपत्रक म्हणून निघावं.

आणि सहावी मागणी किल्लीची. मेच्या मध्यावर मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, १५-१६ तारखेला. दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर, १२:३५च्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीतच जाते. बारा वाजता का नाही, असं पोरं दरवर्षी विचारायची आणि आई दरवर्षी सांगायची, "घड्याळ आपण मिर्झापूरचं लावतो, सूर्य मात्र मुंबईचाच." आपण ८२ अंश ३० मिनिटांची प्रमाणवेळ पाळतो, त्यामुळे मुंबईची खरी वेळ सरासरी ३९ मिनिटं मागे असते. पूर्वी शहरात ती 'मुंबई टाइम' म्हणून पाळायचे देखील. सुट्टी असली तरी त्या दिवशी ती गच्चीवर यायची, चाळीसेक पोरं यायची. एकमेकांच्या पायांखाली सावल्या शोधायची. निवृत्त झाल्यावरही गुडघे देत होते तोवर ती येत राहिली. आता गच्चीला कुलूप आहे आणि सुरक्षेचं कारण सांगतात.

मी येत्या १५ मे रोजी सव्वाबारा वाजता फाटकाशी येईन. काठी माझ्याकडे आहे, तीच, लालबागच्या गच्चीवरची. मुलगा सोबत असेल, आणखी काही जुने विद्यार्थी येतो म्हणालेत. कठडा मजबूत आहे, आम्ही जबाबदारीची चिठ्ठी लिहून देऊ. शिपायांना सुट्टीच्या दिवशी यायला सांगणं अवघड असेल तर किल्ली आदल्या दिवशी भंगारवाल्याकडे ठेवलीत तरी चालेल. त्यानं हो म्हटलंय.

आपली नम्र,
बाईंची मुलगी
दहावी, १९९३ची तुकडी